न मागितलेली माफी : 'द टेम्पेस्ट'ची पार्श्वभूमी

सख्ख्या भावाने राज्य बळकावलं. मध्यरात्री शत्रूच्या फौजेला वेशीचं दार उघडून दिलं आणि गादीवरच्या भावाला, त्याच्या तीन वर्षांच्याही न झालेल्या लेकीसकट, एका कुजक्या होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं. होडीला ना शीड, ना डोलकाठी. उंदीरसुद्धा ती आधीच सोडून गेलेले. भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'ची ही पूर्वकथा समजावून सांगावी लागत नाही. मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो ग्रंथांत बुडालेला. कारभार त्याने आपण होऊन भावाच्या, म्हणजे अँटोनिओच्या हाती दिलेला. नेपल्सचा राजा अलोन्सो अँटोनिओला सामील. वाहत वाहत एका बेटाला लागलेला प्रॉस्पेरो तिथे बारा वर्षं काढतो, मंत्रविद्या साधतो, आणि एके दिवशी या सगळ्या शत्रूंचं जहाज बेटाजवळून जाऊ लागतं. तो वादळ उठवतो. संध्याकाळपर्यंत सगळे त्याच्या मुठीत आलेले असतात, आणि तो त्यांना माफ करतो.

गोष्ट इथे संपली असती तर ती सुखान्त परीकथा झाली असती. पण शेवटच्या प्रवेशात एक बारकावा आहे, आणि मला तोच या नाटकाचा गाभा वाटतो. राजा अलोन्सो हात जोडतो, राज्य परत करतो, क्षमा मागतो. अँटोनिओ मात्र मागत नाही. "तुला भाऊ म्हणायलाही माझी जीभ विटाळेल, तरी तुझा अपराध मी माफ करतो," असं प्रॉस्पेरो तोंडावर सांगतो, आणि अँटोनिओ गप्प. अख्ख्या पाचव्या अंकात त्याच्या तोंडी एकच वाक्य आहे, तेही भावाला उद्देशून नाही. समोर आलेल्या कॅलिबनकडे, बेटावरच्या प्रॉस्पेरोच्या गुलामाकडे, पाहून तो म्हणतो, हा तर निव्वळ मासा दिसतोय, बाजारात नक्की खपेल. बस्स. चारशे वर्षं लोक या गप्प राहण्याशी झगडत आले आहेत.

वादळ आलं ते थेट बातम्यांतून. २ जून १६०९ रोजी इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून नऊ जहाजांचा तांडा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीकडे निघाला. त्यातलं मुख्य जहाज होतं 'सी व्हेंचर'; वसाहतीचे होऊ घातलेले गव्हर्नर सर थॉमस गेट्स आणि तांड्याचे प्रमुख सर जॉर्ज सोमर्स त्याच्यावरच होते. २४ जुलैला चक्रीवादळाने गाठलं. जहाजावर सुमारे दीडशे माणसं होती. तळाच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं, तेव्हा भोकं बुजवायला पिंपातल्या गोमांसाचे तुकडे कोंबले गेले. सरदार आणि खलाशी शेजारी शेजारी उभे राहून बादल्यांनी पाणी उपसत होते. चौथ्या दिवशी जमीन दिसली. ती निघाली बर्म्युडा, जिला दर्यावर्दी 'सैतानांची बेटं' म्हणत आणि वळसा घालून जात. जहाज दोन खडकांमध्ये अडकलं, आणि आश्चर्य म्हणजे एकूण एक माणूस जिवंत किनाऱ्याला लागला.

जहाजावर विल्यम स्ट्रॅची नावाचा एक लिहिता गृहस्थ होता. त्याने १५ जुलै १६१० या तारखेचं लांबलचक पत्र इंग्लंडला पाठवलं. वादळाच्या रात्री मुख्य डोलकाठीवर एक लहानसा गोल उजेड दिसला, मंद ताऱ्यासारखा थरथरणारा, एका दोरावरून दुसऱ्या दोरावर उड्या मारणारा, असं त्यात आहे. नाटकात एरिएल हा वायुरूप सेवक मालकाला काय सांगतो? मी कधी जहाजाच्या नाकावर, कधी डेकवर, कधी खोल्याखोल्यांत ज्वाळा होऊन नाचलो. पत्र छापलं गेलं १६२५ साली. तोवर शेक्सपिअरला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते हस्तलिखितात त्याच्या नजरेखालून गेलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. ती वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या मंडळींत त्याच्या ओळखीपाळखीचे लोक होते. ज्याला त्याने आपली दोन दीर्घ काव्यं अर्पण केली, तो साउदॅम्प्टनचा अर्ल त्यांतलाच. काही अभ्यासकांना हा दुवा पटत नाही. पण जहाज फुटल्याची छापील हकीगत १६१० साली लंडनमध्ये मिळत होती, आणि नाटकात बर्म्युडाचं नाव स्पष्ट आलं आहे.

त्या बेटावरच्या दहा महिन्यांत काय घडलं, ते वादळापेक्षाही जास्त बोलकं आहे. फितुरी झाली, एकदा नव्हे तर वारंवार. हेन्री पेन नावाच्या इसमाला बंडखोरीबद्दल मृत्यूची शिक्षा झाली. आपण खानदानी असल्याने फाशी नको, गोळी घाला, एवढीच त्याची विनंती होती आणि ती मान्य झाली. स्टीफन हॉपकिन्सलाही हीच शिक्षा ठोठावली गेली. तो मात्र ढसाढसा रडला, बायकापोरं उघड्यावर पडतील म्हणून गयावया केली, आणि गेट्सने त्याला सोडून दिलं. पुढे १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेला गेलेला स्टीफन हॉपकिन्स तो हाच, असं बहुतेक इतिहासकार मानतात. फितुरी, सत्ता, शिक्षा आणि माफी हे सगळं तिथे त्या वाळूवर खरोखर घडलं होतं. फरक एवढाच की हॉपकिन्सने माफी मागितली होती. वाचलेल्या लोकांनी बेटावरच्या लाकडांतून आणि फुटक्या जहाजाच्या सामानातून 'डिलिव्हरन्स' आणि 'पेशन्स' ही दोन जहाजं बांधली आणि मे १६१० मध्ये ते व्हर्जिनियात पोचले. लंडनमध्ये ज्यांना मेलेले समजून रडून झालं होतं, ते परत आले होते.

जादूचं प्रकरण जास्त नाजूक होतं. गादीवर होता राजा जेम्स पहिला. त्याने स्कॉटलंडमध्ये असताना, १५९७ साली, चेटकाविरुद्ध स्वतः ग्रंथ लिहिला होता. १६०४ च्या इंग्लिश कायद्यात दुष्टात्म्यांना आवाहन करणं आणि जादूटोण्यासाठी प्रेत उकरून काढणं, दोन्हींना देहान्त शिक्षा होती. राणी एलिझाबेथचा सल्लागार, गणिती आणि ज्योतिषी जॉन डी याची मॉर्टलेकच्या घरातली ग्रंथसंपदा हजारोंच्या घरात होती; त्याच्यावर चेटक्या असल्याचा बट्टा लागला. तो पुसून टाकावा म्हणून त्याने १६०४ साली जेम्सपुढे अर्ज केला. उपयोग झाला नाही. नाटकाच्या दोन-तीन वर्षं आधी तो गरिबीत वारला. पुस्तकं हेच ज्याचं बळ आणि पुस्तकांमुळेच ज्याचं राज्य गेलं, त्या प्रॉस्पेरोकडे पाहताना त्या काळच्या प्रेक्षकाला डी आठवला असेल, असं मला फार वाटतं.

शेक्सपिअरने एक सोपी वाट काढलेली दिसते : कॅलिबनची आई, अल्जिअर्सची सिकोरॅक्स, ही काळी जादू करणारी, प्रॉस्पेरो विद्वान, त्याची विद्या निर्मळ. पण पाचव्या अंकात प्रॉस्पेरो जादू सोडायची शपथ घेतो तेव्हाचं भाषण शेक्सपिअरने घेतलं आहे रोमन कवी ओव्हिडच्या मीडियाकडून, १५६७ च्या आर्थर गोल्डिंगच्या भाषांतरातून. मीडिया म्हणजे दंतकथेतली मोठी चेटकीण. आणि त्या भाषणात प्रॉस्पेरो कबूल करून जातो की आपल्या हुकमाने थडगी उघडली, मेलेले उठले. म्हणजे कायद्याने ज्याला मरण, तेच. राजासमोर हे बोललं गेलं. १ नोव्हेंबर १६११ च्या रात्री व्हाइटहॉलच्या राजवाड्यात झालेला प्रयोग ही या नाटकाची पहिली लेखी नोंद. १६१३ च्या फेब्रुवारीत राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, त्या समारंभांतही ते झालं. काठी मोडून जमिनीत पुरणं आणि ग्रंथ समुद्रात बुडवणं यात वैराग्य आहेच, पण ती त्या काळाची गरजही होती.

क्षमेचं बीज कुठून आलं? माँतेन या फ्रेंच निबंधकाराचं १६०३ साली जॉन फ्लोरिओने केलेलं इंग्रजी भाषांतर शेक्सपिअरने वाचलं होतं, याबद्दल शंका उरत नाही. अलोन्सोचा म्हातारा सल्लागार गोंझालो आपल्या कल्पनेतल्या राज्याचं वर्णन करतो, ज्यात ना व्यापार, ना न्यायाधीश, ना गरीब-श्रीमंत, ते ब्राझीलच्या आदिवासींवरच्या माँतेनच्या निबंधातून जवळजवळ शब्दशः उतरलं आहे. सूड घेण्याची ताकद असताना तो न घेणं हे जन्मजात चांगुलपणापेक्षा मोठं, हा विचारही त्याच पुस्तकात आहे. नाटकात तो येतो एरिएलमुळे. शत्रूंची दशा सांगून एरिएल म्हणतो, तुम्ही त्यांना आता पाहिलंत तर तुमचं मन द्रवेल. प्रॉस्पेरो विचारतो, तुला असं वाटतं? उत्तर येतं : मी माणूस असतो तर माझं द्रवलं असतं. मला या नाटकात यापेक्षा मोठी ओळ माहीत नाही. जो माणूसच नाही, त्याच्याकडून माणसाला माणुसकी कळते.

हे नाटक वाढलं ते ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त, मेणबत्त्यांनी उजळलेल्या नाट्यगृहाच्या हवेत. शेक्सपिअरच्या मंडळीने ते १६०८ साली ताब्यात घेतलं होतं. तिथे वाद्यमेळ चांगला होता आणि वाती कापायला अंकांमध्ये विराम घ्यावा लागे. संगीतकार रॉबर्ट जॉन्सनने एरिएलच्या दोन गाण्यांना दिलेल्या चाली आजही उपलब्ध आहेत. छापील रूपात नाटक आलं १६२३ च्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, आणि त्यातल्या ३६ नाटकांत त्याला पहिलं पान मिळालं.

मग इंग्लंडमध्ये यादवी झाली, राजाचं शिर उडालं, नाटकगृहं १६४२ ते १६६० बंद राहिली. दुसरा चार्ल्स परतला तेव्हा राजहत्येत थेट हात असलेले काही जण वगळून बहुतेकांना कायद्यानेच माफी दिली गेली. आता प्रेक्षकांत फितूर आणि फसवले गेलेले एकाच बाकावर बसत होते. १६६७ साली डॅव्हेनंट आणि ड्रायडन या नाटककारांनी नाटकाचा नवा अवतार उभा केला : प्रॉस्पेरोच्या लेकीला, मिरांडाला, एक बहीण आली, कधीही बाई न पाहिलेला एक तरुण आला, आणि अँटोनिओ पश्चात्तापाने पोळलेला झाला. त्याचं ते मौन त्या पिढीला सोसवलं नसावं. हाच अवतार आणि त्याची पिलावळ रंगभूमीवर इतकी टिकली, की मूळ संहिता मॅक्रेडी या इंग्लिश नटाने १८३८ साली परत आणली तेव्हा ती नवी वाटली.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी 'टेंपेस्ट' मराठीत आणलं. हे तेच कीर्तने, ज्यांनी पुण्यात शिकत असतानाच ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाची झाडाझडती घेतली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रवींद्रनाथांनी 'शाकुंतल' आणि 'टेम्पेस्ट' शेजारी ठेवून पाहिले. त्यांना खटकलं ते असं : शकुंतला निघते तेव्हा आश्रमातली झाडं आणि हरणं व्याकूळ होतात, एरिएल मात्र सुटायचीच वाट पाहत असतो, निरोपाच्या वेळी कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. बेटाशी प्रॉस्पेरोचं नातं होतं ते हुकमाचं.

हा हुकूम ज्याने सोसला, त्याचं म्हणणं वसाहती मोडू लागल्यावर ऐकू येऊ लागलं. बेट मुळात कॅलिबनचं. प्रॉस्पेरोने त्याला आधी गोंजारलं, शब्द शिकवले. मग मिरांडावर हात टाकू पाहिल्याबद्दल गुलाम केलं. तो अपराध खरा आहे आणि तो लपवून कॅलिबनची बाजू घेता येत नाही. पण ज्याचं राज्य भावाने लुबाडलं, त्यानेच दुसऱ्याचं बेट घेतलं, हेही तितकंच खरं. १९६९ साली मार्टिनिक बेटाच्या एमे सेझेर यांनी नाटक नव्याने लिहिलं. त्यात कॅलिबनचा पहिला शब्द आहे 'उहुरू', स्वातंत्र्य, आणि प्रॉस्पेरोला बेट सोडवतच नाही.

१९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या कैद्याकडे शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचा एक खंड होता. पहारेकऱ्यांनी तो काढून घेऊ नये म्हणून त्याने घरून आलेली दिवाळीची शुभेच्छापत्रं, देवादिकांच्या चित्रांची, वर चिकटवली आणि हा आमचा धर्मग्रंथ आहे असं सांगितलं. तो खंड कोठडीकोठडीत फिरला. ज्याला जी ओळ भावली तिच्याशेजारी त्याने सही केली. मंडेलांनी 'ज्युलियस सीझर'मधल्या ओळी निवडल्या आणि १६ डिसेंबर १९७७ ही तारीख घातली. वीस वर्षं शिक्षा भोगणाऱ्या बिली नायर यांनी 'द टेम्पेस्ट'चं पान उघडलं आणि कॅलिबनच्या ओळींपाशी आपलं नाव लिहिलं : हे बेट माझं आहे, माझ्या आईकडून आलेलं, आणि ते तू माझ्याकडून घेतलंस.