चौथी इयत्ता

चौथी इयत्ता म्हणजे शालेय शिक्षणाचे चौथे वर्ष. बहुतेक देशांत या वर्गातील मुले ९ ते १० वर्षांची असतात. इंग्लंडमध्ये शाळा लवकर सुरू होत असल्यामुळे तिथे याच वयाचे मूल ‘पाचव्या वर्षा’च्या वर्गात बसते. देशोदेशींचे अभ्यासक्रम वेगळे असले तरी या वर्षाचा स्वभाव सगळीकडे जवळपास सारखा दिसतो. पहिल्या तीन वर्षांत मूल वाचायला, लिहायला, मोजायला शिकलेले असते. चौथीत ही कौशल्ये आलेलीच आहेत असे धरून शाळा पुढे निघते. ती पक्की नसतील, तर ते याच वर्षी उघडे पडते. पालकांना मात्र ही गोष्ट बहुधा ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढ्याच रूपात कळते.

हा बदल सर्वांत ठळकपणे वाचनात दिसतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनविकासाचे टप्पे मांडले. त्यांच्या मांडणीत साधारण नवव्या वर्षापर्यंत मूल वाचायला शिकते आणि त्यानंतर शिकण्यासाठी वाचू लागते. तिसरीपर्यंतच्या धड्यांतले शब्द मुलाच्या बोलण्यातले असतात. अक्षरांवरून शब्द ओळखता आला की अर्थ आपोआप लागतो. चौथीच्या पुस्तकात ‘बाष्पीभवन’, ‘प्रशासन’, ‘परिणामी’, ‘याउलट’ असे शब्द येतात. हे शब्द घरात कोणी बोलत नाही. चॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांचा अभ्यास केला, तेव्हा दुसरी-तिसरीपर्यंत बरोबरीने वाचणारी मुले चौथीपासून मागे पडताना दिसली आणि घसरणीची सुरुवात शब्दार्थांपासून झाली. ‘चौथीतील घसरण’ हा शब्दप्रयोग यातूनच रूढ झाला. प्रत्येक मूल घसरतेच असे मात्र नाही.

वाचनाचे संशोधक फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेले सूत्र इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते वाचनाचे आकलन म्हणजे शब्द उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार. बेरीज नव्हे, गुणाकार. त्यामुळे एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही चांगली असून उपयोग होत नाही. देवनागरीसारख्या उच्चारानुसारी लिपीत ही गोष्ट सहज लपते. जोडाक्षरे जमली की मूल कोणताही परिच्छेद खणखणीत आवाजात, न अडखळता वाचून दाखवते आणि ऐकणारे निश्चिंत होतात. ‘आता पुस्तक मिटून यात काय होतं ते सांग’ असे म्हटल्यावर मात्र ते गप्प होते. उलट प्रकारही आढळतो. काही मुलांना पहिली-दुसरीत अडचण दिसत नाही, पण मजकूर लांबला की वाचनाचा संथपणा आड येतो. पाठांतर आणि चित्रे यांच्या आधाराने निभावून नेलेली वाचन-अक्षमता या वयात लक्षात येणे नवलाचे नाही. अशा वेळी शिकवणी लावण्याआधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

वाचनाच्या आंतरराष्ट्रीय मोजणीसाठी हीच इयत्ता निवडली जाते, ती याच वळणामुळे. पर्ल्स ही वाचन-आकलनाची चाचणी २००१ पासून दर पाच वर्षांनी चौथीच्या स्तरावर होते. तिच्यात साहित्यिक आणि माहितीपर अशा दोन्ही प्रकारचे उतारे असतात. गणित आणि विज्ञान यांची टिम्स ही चाचणी १९९५ पासून होत आली असून तिच्यासाठी चौथी आणि आठवी हे दोन टप्पे धरले जातात.

गणितात या वर्षी दोन खिंडी लागतात: मोठा भागाकार आणि अपूर्णांक. भागाकार अवघड वाटतो, कारण त्यात अंदाज, पाढे, वजाबाकी आणि स्थानिक किंमत एकाच वेळी सांभाळावी लागते. पाढे तोंडावर नसतील तर मुलाची सगळी शक्ती ‘सात आठे किती’ यातच संपते आणि आपण कोणत्या पायरीवर होतो हेच ते विसरते. ८१६ भागिले ४ याचे उत्तर २०४ ऐवजी २४ येणे ही या वर्गातली नेहमीची चूक. एका दशकाला चाराने भाग जात नाही, म्हणून तिथे शून्य मांडायचे असते. मूल ती जागाच गाळून पुढे जाते. हा निष्काळजीपणा नसतो, स्थानिक किंमतीची समज कच्ची असते. ‘उत्तर साधारण किती यायला हवं?’ हा प्रश्न आधी विचारला तर २४ खटकते, कारण ८०० चे चार भाग केले तरी प्रत्येकी २०० येतात.

अपूर्णांकांची अडचण निराळी आहे. इथे आतापर्यंतचे शहाणपणच आड येते. ८ हा ४ पेक्षा मोठा, हे मुलाने तीन वर्षे घोकलेले असते. म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा असे ते ठामपणे सांगते. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ करणारे मूलही हाच तर्क चालवत असते: अंशात अंश, छेदात छेद. कागदाची पट्टी दुमडून दाखवणे आणि संख्यारेषेवर अपूर्णांकाची जागा शोधायला लावणे, हे दोन्ही उपाय नियम पाठ करून घेण्यापेक्षा खोलवर रुजतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांतील मुलांची आकडेवारी तपासली. दहाव्या वर्षाच्या आसपास असलेल्या अपूर्णांक आणि भागाकार यांच्या ज्ञानावरून पुढे माध्यमिक शाळेतील बीजगणिताच्या यशाचा अंदाज बांधता येतो, असे त्यांना आढळले. बुद्ध्यांक आणि कुटुंबाची स्थिती जमेस धरूनही हा संबंध टिकला.

शाब्दिक उदाहरणांत गणित आणि वाचन एकमेकांना भेटतात. ‘एका मुलीकडे १२ गोट्या आहेत. त्या तिच्या भावापेक्षा ५ ने जास्त आहेत, तर भावाकडे किती?’ यातला ‘जास्त’ हा शब्द पाहून बरीच मुले १७ लिहितात. अमुक शब्द आला की बेरीज, तमुक आला की वजाबाकी, ही युक्ती मोठ्यांनीच शिकवलेली असते. चौथीत ती अंगलट येते.

लेखनात वाक्यांकडून परिच्छेदाकडे जाणे अपेक्षित असते. सुरुवातीला ‘मग… मग… मग’ अशी लांबच लांब साखळी तयार होते. एक मुद्दा, त्याला आधार, मग दुसरा मुद्दा ही शिस्त वर्षभरात हळूहळू येते. विज्ञान आणि समाजशास्त्र यांत प्रकल्प सुरू होतात. ते कोण करते हा प्रत्येक घरातला नाजूक विषय. सुबक अक्षरातला, चकचकीत तक्ता पाहून शिक्षकांना करणारा हात लगेच ओळखू येतो. गृहपाठाबाबत संशोधक हॅरिस कूपर यांच्या नावाशी जोडला जाणारा ठोकताळा इयत्तेमागे दहा मिनिटांचा आहे, म्हणजे चौथीला सुमारे ४० मिनिटे. प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध फार क्षीण असतो, हेही कूपर यांच्याच अभ्यासांतून दिसले आहे. रोज दोन तास बसूनही गृहपाठ संपत नसेल, तर ती गोष्ट मुलाला रागावण्याची नसून शिक्षकांच्या कानावर घालण्याची आहे.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचे टप्पे मांडले; त्या वर्गीकरणात हे वय मूर्त क्रियात्मक अवस्थेचे. मूल तर्क करते, पण समोर दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींबद्दल अधिक सहजपणे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी याच वयातला मनातला झगडा उद्यमशीलता आणि न्यूनगंड यांच्यातला मानला आहे. वर्गात आपला क्रमांक कुठे लागतो हे आता मुलाला न सांगता कळते. पहिलीत ‘मला सगळं येतं’ म्हणणारे मूल चौथीत ‘मला गणित येतच नाही’ असे म्हणू लागते. मैत्री घट्ट होते, गट पडतात आणि गटाबाहेर काढले जाण्याचे दुःख प्रगतिपुस्तकापेक्षा मोठे ठरते. ‘आज शाळेत काय झालं?’ याला ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळू लागते. ‘डबा कोणाबरोबर खाल्लास?’ असे विचारले तर बरेच काही बाहेर येते.

शरीरही बदलत असते. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली लक्षणे ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात केव्हाही दिसू शकतात. त्यामुळे एकाच बाकावरची दोन मुले दिसायला तीन वर्षांच्या अंतराची वाटू शकतात. या विषयावर घरात पहिले बोलणे याच वर्षी झालेले बरे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. जवळचेच नीट दिसण्याचा दृष्टिदोषही शालेय वयातच सुरू होतो. मूल फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवते, चुका होतात आणि दोष मात्र लक्ष नसण्याला दिला जातो. आपल्याला अंधूक दिसते हे ते सांगत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसत असावे अशी त्याची समजूत असते.