रग्बी खेळून झालं, आता कोच व्हायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

२०१९ ला मनिलात सिंगापूरला २१-१९ हरवून आपल्या मुलींनी १५ जणींच्या रग्बीतली पहिली इंटरनॅशनल मॅच जिंकली. तेव्हापासून खेळणाऱ्या कितीतरी जणींना आता पगारी कोचिंग करायचंय. खेळ उत्तम असतो पण अर्ज परत येतो, आणि कारणं ठरलेली.

सगळ्यात मोठा घोळ सर्टिफिकेटचा. वर्ल्ड रग्बी म्हणजे या खेळाची जागतिक संघटना, तिच्या साइटवर फ्री अकाउंट काढून रग्बी रेडी (सुरक्षित खेळाची ओळख), कन्कशन (डोक्याला मार लागणं) वगैरे मॉड्यूल घरबसल्या होतात, सर्टिफिकेट लगेच डाउनलोड होतं, आणि मुली तेच लेव्हल १, म्हणजे कोचिंगच्या कोर्सची पहिली पायरी, समजून जोडतात. ते लेव्हल १ नाही. ती फक्त तयारी, लेव्हल १ चा कोर्स मैदानावर ट्रेनरसमोर करावा लागतो आणि आपल्याकडे त्यासाठी रग्बी इंडियाकडे (देशाची रग्बी संघटना) किंवा राज्य संघटनेकडे विचारायचं. लेव्हल २ ला तर कोर्स संपला तरी काम संपत नाही, नंतर तुम्ही प्रत्यक्ष कोचिंग करताना असेसमेंट होते, ती राहिली असेल तर अर्जात लेव्हल २ पूर्ण लिहू नका, तपासणीत पकडलं जातं.

दुसरं, शाळेत पीटी टीचर व्हायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, लागते, वर्ल्ड रग्बीचा कुठलाही कागद त्याची जागा घेत नाही. सरकारी कोचच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एनआयएसचा (पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंग डिप्लोमा मागतात, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स वेगळा आणि एक वर्षाचा डिप्लोमा वेगळा, हे कृपया नीट वाचा. इथे मुलींचे पैसे आणि वर्ष दोन्ही जातात म्हणून परत परत सांगतेय.

आता नावाचं. हा त्रास जास्त करून मुलींनाच होतो आणि खिडकीपलीकडच्या माणसाला त्याचं काही पडलेलं नसतं. नॅशनल्सची सर्टिफिकेटं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, वर्ल्ड रग्बीच्या अकाउंटवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. दोन्ही नावं एकीचीच हे दाखवणारं मॅरेज सर्टिफिकेट काढलेलंच नसतं, मग अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ. नाव बदलायचं ठरवलं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, महाराष्ट्रात त्याचा अर्ज शासन मुद्रण संचालनालयाच्या साइटवरून ऑनलाइन होतो, पण वेळ हातात ठेवून करा. बदलायचं नसेल तर अजिबात बदलू नका, लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही, कोणी काही म्हणो.

अनुभवाचं पत्र हा कोणाकडेच नसलेला कागद. क्लबमध्ये चार वर्षं लहान मुलांना शिकवलेलं असतं, पण लेखी काही नाही. लेटरहेडवर कधीपासून कधीपर्यंत, कुठला वयोगट, आठवड्याला किती सेशन, एवढं लिहून सही-शिक्का घ्या, आणि सेक्रेटरी बदलायच्या आधी घ्या, नवीन माणूस जुन्या कामावर सही करायला तयार होत नाही.

फोटो, सही, फी हे नेहमीचंच. शाळा किंवा अकॅडमी असेल तर पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतील, भाड्याने राहत असाल तर भाडेकरार आधी तयार ठेवा, पत्ता जुळला नाही की तिथेच थांबतं.

आणि शेवटची तारीख म्हणजे फॉर्म भरायची तारीख. पात्रता किती तारखेला पूर्ण हवी ते जाहिरातीत वेगळं दिलेलं असतं, त्या तारखेनंतर हातात आलेलं सर्टिफिकेट धरत नाहीत, म्हणून कोर्सची तारीख आधी बघा, मगच फी भरा.