सूर्याला चंद्र म्हटलं तर

शेजारच्या छोटीला शाळेत घालायचं होतं. प्रवेशाच्या वेळी तिच्या आईवडिलांना सांगण्यात आलं, "घरी मराठी बंद करा, दोन भाषांत मूल गोंधळतं." मग आठवडाभर त्या घरात इंग्रजी चाललं. आमटीत मीठ कमी पडलंय हे इंग्रजीत सांगताना तिच्या बाबांची उडणारी तारांबळ आम्हाला गॅलरीत ऐकू यायची.

हा सल्ला तसा शंभर वर्षांचा जुना आहे. १९२३ साली डी. जे. सेअर या संशोधकाने ब्रिटनमधल्या वेल्स भागातल्या ७ ते १४ वर्षांच्या सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या प्रसिद्ध केल्या. वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा बोलणारी खेड्यातली मुलं फक्त इंग्रजी बोलणाऱ्या खेड्यातल्या मुलांपेक्षा मागे पडली होती. निष्कर्ष निघाला की दोन भाषांमुळे डोक्यात गोंधळ होतो. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात शहरातल्या मुलांमध्ये असा फरक दिसलाच नव्हता. भाषेने मेंदू गोंधळत असेल तर शहरात तो का गोंधळू नये? खेड्यात वेल्श बोलणारी घरं कोणती, त्यांचा इंग्रजीशी संबंध किती, हे प्रश्न तेव्हा मागेच राहिले. लक्षात राहिला तो गोंधळ.

योगायोग असा की त्याच १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका मास्तरांच्या खटल्याचा निकाल लागला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन भाषेबद्दल एवढा राग होता की नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदाच केला: आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मायर यांनी एका दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पण वातावरण काय होतं ते यावरून कळतं. अशा हवेत 'दुसरी भाषा अपायकारक' हे विधान कोण कशाला तपासून बघेल?

ते तपासलं गेलं कॅनडातल्या मॉन्ट्रियलला, १९६२ मध्ये. मॅकगिल विद्यापीठातल्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी फ्रेंच शाळांमधली दहा वर्षांची मुलं घेतली. या वेळी मुलांची आर्थिक-सामाजिक परिस्थिती जुळवून घेतली आणि फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही खरोखर सारख्याच येणाऱ्यांनाच द्विभाषिक धरलं. भाषेवर आधारलेल्या प्रश्नांत ही मुलं मागे राहतील अशी दोघांची अपेक्षा होती. निकाल उलटा आला. बहुतेक चाचण्यांत द्विभाषिक पुढे होते.

इथे टाळ्या वाजवायच्या आधी थोडं थांबायला हवं. दोन्ही भाषांत तरबेज असलेली मुलंच निवडली, तर मुळातच हुशार मुलं जास्त प्रमाणात निवडली गेली नाहीत कशावरून? हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. सेअरच्या तराजूचं एक पारडं जड होतं, इथे कदाचित दुसरं.

पण मॉन्ट्रियलला आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते खरी मोलाची तीच. नदीपलीकडच्या सेंट लँबर्ट उपनगरात इंग्रजी बोलणाऱ्या काही आया वैतागल्या होत्या. मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच 'विषय' म्हणून शिकत आणि शेजारच्या दुकानात तोंड उघडायला घाबरत. त्यांनी शाळा मंडळाच्या मागे लागून सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा बालवर्ग सुरू करवला, पहिल्या दिवसापासून सगळं फ्रेंचमधून. सुरुवातीला ही मुलं इंग्रजी वाचनात मागे होती. दोन-तीन वर्षांत ती बरोबरीला आली, गणितातही कमी पडली नाहीत, आणि फ्रेंच तर फाडफाड.

म्हणजे परक्या भाषेतून शिकवलं की झालं? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला नेमकं तेच चाललं होतं. तिथल्या शाळांत इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुलं कुठल्याही जादा मदतीशिवाय इंग्रजी वर्गांत बसवली होती, आणि त्यांना काही कळत नव्हतं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही.

पद्धत वरून पाहता सारखीच, मग निकाल विरुद्ध का? लँबर्ट यांनी याला बेरीज आणि वजाबाकी म्हटलं. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी कुठे जात नव्हती. घरात, टीव्हीवर, बाजारात तिचाच मान होता. फ्रेंच त्यात मिळवली गेली. शिवाय वर्गात कुणालाच फ्रेंच येत नव्हती, त्यामुळे शिक्षिका त्यांना कळेल असंच बोलत. चिनी मुलं मात्र इंग्रजी येणाऱ्यांच्या शेजारी बसून तोच धडा ऐकत होती, आणि त्यांच्या भाषेला शाळेत कवडीची किंमत नव्हती.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. कॅनडाचे शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवलं की नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागतात. आपल्याकडे सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. मैदानावर 'आउट, नॉट आउट' करत भांडणारं पोर शाब्दिक उदाहरणापाशी अडलं की आपण म्हणतो, गणित कच्चं आहे. अडकलेलं असतं वाक्य.

तुलनेचा पेच सगळ्यात सुंदर सुटला तो ओडिशात. फुलबनी भागातल्या कोंध आदिवासींपैकी काही वस्त्या कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, काहींमध्ये फक्त ओडिया उरली आहे. जमात, चालीरीती, गरिबी सारखीच. फरक मुख्यतः भाषेचा. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी या मुलांची तुलना केली, तेव्हा भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याच्या कामांत द्विभाषिक मुलं सरस ठरली.

असल्या कामाचा एक जुना नमुना स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या नावावर आहे. समजा सगळ्यांनी ठरवलं, सूर्याला चंद्र म्हणायचं आणि चंद्राला सूर्य. मग रात्री झोपताना आकाशात काय दिसेल? सूर्य. आणि आकाश कसं असेल? बरीच लहान मुलं इथे 'उजेड' म्हणतात. नाव बदललं, वस्तू नाही, हे उमगायला नाव हे नुसतं चिकटवलेलं असतं हे आधी कळावं लागतं. 'शिक्षा' म्हटल्यावर हिंदीत शाळा आणि मराठीत छडी आठवते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते सोपं जातं.

द्विभाषिकांचं लक्ष, आत्मसंयम, सगळंच सरस असतं असे दावे मधल्या काळात फार झाले. पुढच्या मोठ्या पडताळण्यांत त्यातले बरेच फिके पडले. २००४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात तर भारतातल्या तमिळ-इंग्रजी बोलणाऱ्यांची तुलना कॅनडातल्या फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांशी होती. पारड्याचा प्रश्न पुन्हा तोच.

आमच्या छोटीला परवा तो सूर्य-चंद्राचा प्रश्न घातला. घरातलं इंग्रजी एव्हाना आठवड्यातच आटोपलं होतं. रात्री सूर्य दिसेल म्हणाली, आकाश काळंच म्हणाली. मग जरा विचार करून तिनेच विचारलं, "पण मग चांदोबाला काय म्हणायचं? सूर्योबा?"