‘शिकारी सुरी’ आणि ‘हत्यार’ : हाती घडवलेल्या पात्यांच्या धंद्याची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात सुऱ्या हाताने घडवून विकणारे कारागीर मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते ते मुख्यतः ‘शिकारी’ आणि ‘हत्यार’ या दोन शब्दांमुळे. प्रत्यक्षात ‘शिकारी सुरी’ म्हणून जी वस्तू विकली जाते तिचे पाते बहुधा साडेतीन ते पाच इंचांचे असते, पाठीची कड टोकाकडे हलकेच खाली उतरलेली असते आणि पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेले असते. टोक असे उतरते ठेवण्याचे कारण एवढेच, की जनावर सोलताना आतडे फुटू नये. हे काम मारून झाल्यानंतरचे, म्हणजे खाटकाच्या कामाच्या जवळचे आहे.

इथल्या लोहारकामात अशी वेगळी सुरी पूर्वी नव्हती. गावचा लोहार आणि पाल ठोकून राहणारे घिसाडी कोयते, विळे, आकड्या, कुऱ्हाडी घडवत, आणि मुरबाडजवळच्या म्हसा यात्रेसारख्या बाजारांतून शेतीची अवजारे घरोघर जात. रानात जाणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना कमरेचा कोयता सगळ्याच कामांना पुरत असे. शिकारीसाठी खास सुरी बाळगण्याची रीत साहेबांबरोबर आणि संस्थानिकांबरोबर आली. त्या सुऱ्या इंग्लंडातल्या शेफील्डच्या असत, आणि त्यांच्या मुठींसाठी लागणारे सांबराचे शिंग मात्र हिंदुस्थानातून विलायतेला जात असे.

आजचा धंदा उभा राहिला तो कारखान्यांच्या सावलीत. 1962 मध्ये वागळे इस्टेटपासून राज्यातील सरकारी औद्योगिक वसाहतींना सुरुवात झाली, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची रांग लागली, आणि पुढे त्यांतले अनेक बंद पडले तेव्हा टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि अवजारे बनवण्याच्या विभागात, हात बसलेले कामगार छोट्या गाळ्यांतून जॉबवर्क करू लागले. प्रेसच्या डायांसाठी लागणारे डी-टू पोलाद, ज्यात सुमारे 12 टक्के क्रोमियम असते, या पट्ट्यात तुकड्यांनी मिळते. ते कडक करायला हजार अंशांच्या वर तापमान लागत असल्यामुळे ते हीट ट्रीटमेंटवाल्याकडेच पाठवावे लागते. साध्या कामाला ट्रकचा कमानपाटा चालतो आणि तो भट्टीवर हाताने साधता येतो.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. पाते भट्टीत लाल होत असताना कारागीर मधूनमधून त्याला लोहचुंबक लावून पाहतो. सुमारे 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, त्यानंतर आणखी थोडा ताव देऊन तो पाते कोमट तेलात उभे बुडवतो. तेलात विझवले तरी बोलण्यात त्याला ‘पाणी दिले’ असेच म्हणतात. थेट पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते. मग धारेवर कानस फिरवायची. ती काचेवरून सरकावी तशी सरकली तर पाणी नीट बसले असे समजायचे. पण इतके कडक पाते ठिसूळ असते, म्हणून लगेच ते सुमारे 200 अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवतात आणि पोलादावर पेंढ्यासारखा पिवळा रंग चढेपर्यंत थांबतात. त्यानंतर घासकाम, शिसवी किंवा बाभळीची मूठ, पितळी पिना आणि चामड्याचे म्यान. एका सुरीत कित्येक दिवस जातात.

आता शब्दांकडे. मराठीत ‘हत्यार’ म्हणजे मारण्याचे साधन, तसेच कामाचे साधनही. सुताराची हत्यारे, न्हाव्याची हत्यारे असे आपण सहज म्हणतो. खंडेनवमीला देवघरातल्या तलवारीला आणि कारखान्यातल्या लेथला त्याच झेंडूच्या फुलांनी पुजले जाते. 1959 च्या केंद्रीय कायद्याचे अधिकृत मराठी नाव ‘शस्त्र अधिनियम’ असे आहे, पण फिर्यादीत आणि वर्तमानपत्रात तोच ‘भारतीय हत्यार कायदा’ होतो. नावातला हा बदल किरकोळ वाटतो, तरी त्याचा परिणाम मोठा आहे, कारण मूळ व्याख्येचा सारा भर वस्तू कशासाठी घडवली यावर आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली अथवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र, आणि केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी घडवलेली वस्तू त्यातून वगळलेली. ‘हत्यार’ म्हटले की हा फरक पुसला जातो आणि धार असलेली प्रत्येक वस्तू एकाच टोपलीत पडते.

खरा गुंता नियमांतल्या मापाचा आहे. या कायद्याखालच्या 1962 च्या नियमांनी धारदार शस्त्रांचा एक वर्ग केला आणि 2016 च्या नव्या नियमांनीही तो ठेवला. त्यात तलवारी, खंजीर, संगिनी, भाले, परशू, कृपाण व खुकरीसह सुऱ्या आणि ‘9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची अशी अन्य शस्त्रे’ अशी यादी आहे, आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाची पाती वगळली आहेत. प्रश्न असा, की 9 इंचांची अट यादीतल्या सगळ्या वस्तूंना लागते की शेवटच्या ‘अन्य शस्त्रां’नाच? पहिला अर्थ घेतला तर पाच इंचांची सुरी मोकळी राहते. दुसरा घेतला तर सुरी हा शब्द यादीत आला एवढ्यावरूनच ती अडकते. कारागीर पहिला अर्थ धरून चालतात आणि मला तोच सयुक्तिक वाटतो, कारण दुसऱ्या अर्थाने माप देण्याला काही प्रयोजनच उरत नाही.

शिवाय या कायद्याने बाळगणे आणि बनवणे यांना वेगवेगळे माप लावले आहे. 1878 चा ब्रिटिश कायदा नि:शस्त्रीकरणाचा होता. 1959 मध्ये बंदुकांखेरीज इतर शस्त्रे बाळगण्यावरचा परवाना केंद्राने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरता, म्हणजे कलम 4 पुरता मर्यादित झाला. तयार करणे आणि विकणे मात्र परवान्याची अट घालणाऱ्या कलम 5 खाली येते. आणि रस्त्यावर घेऊन जाण्याचा प्रश्न तिसऱ्याच कायद्यात आहे. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 प्रमाणे जे मनाई आदेश सणासुदीला, निवडणुकांना निघतात, त्यांत सुऱ्यांबरोबर लाठ्या-काठ्याही येतात आणि तिथे इंचांचा हिशेबच नसतो. त्यामुळे गाळ्यात कायदेशीरपणे घडलेली सुरी गिऱ्हाइकाने पिशवीतून नेणे त्या दिवसांत गुन्हा ठरू शकते. इतक्या सचोटीने काम करणाऱ्या माणसांना आपली वस्तू नेमकी कुठे बसते हे कोणी एका कागदावर लिहून देत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

‘शिकारी’ या विशेषणाची अडचण वेगळी आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार आवळली आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपवली. पिकांची नासधूस करणाऱ्या किंवा माणसांना धोकादायक ठरलेल्या जनावरांपुरती अधिकाऱ्यांच्या परवानगीची वाट उरली आहे. म्हणजे ज्या कामाच्या नावाने ही सुरी ओळखली जाते ते काम देशात जवळजवळ उरलेलेच नाही. शिंगाच्या मुठीही गेल्या. सांबर 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि त्याचे शिंग बाजारात आणणे हा गुन्हा आहे. जुन्या नमुन्याची मूठ मागणाऱ्याला कारागीर म्हशीचे शिंग किंवा हाड दाखवतो. गिऱ्हाईक उरले ते गिर्यारोहक, शेफ आणि संग्राहक.

कराच्या बाबतीतही नावच निर्णायक ठरते. कोयता, विळा यांसारखी हाताने वापरायची शेतीची अवजारे वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत, तर सुऱ्यांवरचा कर 18 जुलै 2022 पासून 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. एकाच कमानपाट्यातून, एकाच भट्टीत आणि एकाच हाताने सव्वा फुटी कोयता घडला तर त्यावर कर नाही आणि चार इंची सुरी घडली तर आहे. विक्री बहुतांशी समाजमाध्यमांवरून चालते आणि अनेक कुरिअरवाले धारदार वस्तू घ्यायला नकार देतात, त्यामुळे पुष्कळदा गिऱ्हाईकच गाळ्यावर येते. बिलावर ‘शिकारी’ शब्द आता क्वचितच दिसतो. तिथे ‘कॅम्पिंग’ किंवा ‘किचन’ असे लिहून त्याच ओळीत पात्याची लांबी आणि रुंदी इंचांत दिलेली असते.