‘आयएसओ १४००१’ असलं की पुरवठादार पर्यावरणपूरक?

खरेदी विभागांत एक समज वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे: पुरवठादाराकडे ‘आयएसओ १४००१’ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र असलं की तो पर्यावरणपूरक, पुढे तपासायला नको. हे खरं नाही. १९९६ साली पहिल्यांदा आलेलं हे मानक व्यवस्थापनाची पद्धत बघतं: धोरण आहे का, उद्दिष्टं ठरवलीत का, कायदे पाळण्याची बांधिलकी आहे का. कचरा किती चालेल, पाणी किती वापरावं, याची मर्यादा ते घालून देत नाही. त्यामुळे एकाच मालाचे दोन उत्पादक, त्यातला एक दुसऱ्याच्या दुप्पट प्रदूषण करणारा, दोघंही प्रमाणित असू शकतात. (आणि हो, आयएसओ ही मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्थांचं.)

चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वस्तू नि साहित्य फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याच्या पद्धतीत, विचारायचे प्रश्नच वेगळे. मालात पुनर्चक्रित घटक किती? ते लोकांनी वापरून टाकलेल्या वस्तूंतून आलेत की कारखान्यांतल्या उत्पादनातून उरलेल्या तुकड्यांतून? वस्तू उघडून दुरुस्त करता येते, की सगळं गोंदाने चिकटवलंय? ‘वापरलेला माल परत घेतो’ असं सांगणाऱ्याकडे मी तरी आधी परत आलेल्या मालाच्या वजनाची नोंद मागेन, आणि त्यातला किती पुन्हा वापरात गेला नि किती जाळला, तेही. चक्रीयता मोजायला २०२४ मध्ये ‘आयएसओ ५९०२०’ हे वेगळं मानक आणावं लागलं, ते उगाच नव्हे.