व्यावसायिक क्रिकेटपटू (खानदेश)

क्रिकेट खेळून ज्याचे घर चालते, तो व्यावसायिक क्रिकेटपटू. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. 'पोरगा खेळावर लागला' असे भुसावळकडे कुणी म्हणाले, की ऐकणारा कोणत्या संघात, असे विचारत नाही. कोणत्या खात्यात, असे विचारतो. क्रिकेटच्या जोरावर मिळालेली कायम नोकरी, हा या भागातल्या क्रिकेट कारकिर्दीचा जुना आणि भरवशाचा शेवट. लिलाव, करार आणि फ्रँचायझी ही भाषा 2008 साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यानंतर आली. त्याआधीच्या दोन पिढ्यांना ती माहीतच नव्हती.

भारतीय क्रिकेटमध्ये 'प्रोफेशनल' हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतात, आणि तो बाहेरच्यांना बुचकळ्यात टाकतो. रणजी करंडकात, म्हणजे राज्य संघांच्या देशांतर्गत स्पर्धेत, प्रत्येक राज्य संघटनेला दुसऱ्या राज्यातले तीन खेळाडू पैसे देऊन घेता येतात. ड्रेसिंग रूममध्ये या तिघांनाच प्रोफेशनल म्हणतात. बाकीचेही मानधन घेऊनच खेळत असतात, पण ते 'लोकल'. इंग्लंडमध्ये हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' असा भेद 1962 पर्यंत अधिकृत होता. आपल्याकडे हौशी-पगारी ही रेघ कधी नीट ओढलीच गेली नाही. संस्थानिक खेळाडूला फौजेत हुद्दा देत, कारखाने हजेरीपटावर नाव लावत, आणि खेळाडू कागदोपत्री दुसरेच काही असे. खानदेशाच्या उत्तरेला, सातपुडा ओलांडला की इंदूर. तिथल्या होळकरांच्या पदरी सी. के. नायडू आणि मुश्ताक अली होते, आणि 1945-46 ते 1952-53 या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. खानदेशात असा राजाश्रय नव्हता. 1818 नंतर हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली होता, त्यामुळे संस्थानिकाची जागा इथे रेल्वेने घेतली.

चार संघटनांच्या सीमेवरचा मुलूख

खानदेशी खेळाडूच्या कारकिर्दीवर सर्वांत मोठा परिणाम नकाशाचा होतो. महाराष्ट्रात तीन क्रिकेट संघटना आहेत: मुंबई, विदर्भ आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन. खानदेशचे तिन्ही जिल्हे पुण्याकडे येतात. रेल्वे मात्र त्यांना मुंबईशी जोडते. जळगावहून मुंबई सुमारे 420 किलोमीटर, सरळ मार्ग, दिवसभर गाड्या. पुण्याला जायचे तर मनमाडला वळून दौंडमार्गे, नाहीतर कल्याणपर्यंत जाऊन पुन्हा घाट चढायचा. त्यामुळे निवड चाचणीला निघालेली पोरे वर्षानुवर्षे महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये दोन बाकांच्या मध्ये किटबॅग ठेवून रात्र काढत आली आहेत, आणि सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी नव्या चेंडूला सामोरी गेली आहेत. पुण्याचा मुलगा त्याच चाचणीला घरून डबा घेऊन येतो. निवड समितीने कितीही न्यायाने पाहिले तरी हा फरक धावफलकावर उतरतोच.

भुसावळहून पूर्वेला पन्नासएक किलोमीटरवर मलकापूर. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भ संघटनेत. तिथल्या मुलापुढे 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीन रणजी विजेतेपदे मिळवणारा संघ आहे. ईशान्येला तेवढ्याच अंतरावर बऱ्हाणपूर, फारुकी सुलतानांच्या काळात खुद्द खानदेशची राजधानी. आता ते मध्य प्रदेशात आहे, आणि मध्य प्रदेशाने 2021-22 मध्ये रणजी जिंकली. पश्चिमेला नवापूर, जिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत उभे आहे. तिथल्या मुलाला सुरत जवळ, पुणे दूर, आणि गुजरात 2016-17 चा विजेता. महाराष्ट्राच्या संघाने करंडक जिंकला तो प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली, 1939-40 आणि 1940-41 मध्ये. त्यानंतर 2013-14 सह काही वेळा अंतिम फेरी गाठली, पण करंडक आला नाही. म्हणजे भोवतालच्या तिन्ही संघटना अलीकडच्या दहा वर्षांत जिंकल्या आणि ज्या एका संघटनेत खानदेश बसतो ती तेवढी राहिली. याला योगायोग म्हणावे. पण पोरांच्या कट्ट्यावर हा हिशेब नेहमी निघतो.

संघटना बदलता येते, पण त्यासाठी ना हरकत दाखला आणि दुसऱ्या ठिकाणच्या वास्तव्याचा, शिक्षणाचा किंवा नोकरीचा पुरावा लागतो. पुण्याच्याच संघटनेच्या हद्दीतल्या श्रीरामपूरचा झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईला गेला, मुंबईच्या रणजी संघात जागा मिळाली नाही म्हणून बडोद्याकडून खेळला, आणि तिथून भारतीय संघात पोचला. खानदेशातल्या पालकांना ही गोष्ट तोंडपाठ असते. मुलाला बारावीनंतर मुंबईच्या महाविद्यालयात घालावे की पुण्याच्या, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासाचा कमी आणि क्रिकेटचा जास्त ठरतो.

माती, ऊन आणि विकेट

तापी खोऱ्यातली काळी माती कापसाला आणि केळीला मानवते. क्रिकेटलाही काळी माती मानवते, चांगल्या टर्फ विकेटचा, म्हणजे गवत-मातीच्या खेळपट्टीचा, थर चिकणमातीचाच असतो. पण तिला रोज पाणी, रोलर आणि माहीतगार माळी हवा. तो नसेल तर उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून या भागात बहुतेक मुले सिमेंटच्या विकेटवर किंवा तिच्यावर अंथरलेल्या मॅटवर घडतात. मॅटवर चेंडू उंच आणि एकसारखा येतो, त्यामुळे कट आणि पुल लवकर साधतात, फिरकीपटूला वळणही फुकट मिळते. टर्फवर गेल्यावर तोच चेंडू खाली राहतो, शिवणीवर पडून हलतो, आणि मागच्या पायावर उभा राहणारा फलंदाज पायचीत होतो. जिल्ह्यात शतकांमागून शतके ठोकणारा मुलगा पहिल्या मोठ्या सामन्यात दोनदा पायचीत होऊन परत येतो, तेव्हा गावाला वाटते वशिला आडवा आला. वशिला कधी असेलही. पण बऱ्याच वेळा आडवी आलेली असते ती विकेट.

उन्हाचे गणित निराळे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास किंवा वर असतो. सराव सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, मधला दिवस बंद. खरा हंगाम दिवाळीनंतरचा. त्याच काळात शेतातल्या भरीत-पार्ट्या रंगात आलेल्या असतात, आणि वांग्याचे भरीत नि कळण्याची पुरी खाऊन दुसऱ्या डावात क्षेत्ररक्षणाला उतरलेला संघ हा इथल्या क्लब क्रिकेटचा जुना विनोद आहे.

वयोगटांची शिडी

औपचारिक वाट चौदा वर्षांखालच्या गटापासून सुरू होते. जिल्हा संघटनेची चाचणी, मग जिल्ह्यांचे आमंत्रित सामने, त्यातून राज्याचे शिबिर. सोळा वर्षांखाली विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखाली एकदिवसीय विनू मांकड आणि अनेक दिवसांचा कूचबिहार करंडक, तेवीस वर्षांखाली कर्नल सी. के. नायडू करंडक, आणि मग रणजी. सोळाखालच्या गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. जन्मदाखला शाळेत नाव घालताना अंदाजे लिहिलेला असेल, तर खऱ्या वयाच्या मुलालाही इथे फटका बसू शकतो.

या शिडीवर सर्वाधिक गळती सोळा ते एकोणीसच्या दरम्यान होते. कारण साधे आहे: दहावी-बारावी त्याच वर्षांत येते, आणि खर्चही तेव्हाच वाढतो. टेनिस बॉलवर बॅट कोणतीही चालते. सीझन बॉलला, म्हणजे कातडी कठीण चेंडूला, इंग्लिश विलो लाकडाची बॅट लागते, तिची किंमत पंधरा-वीस हजारांपासून पुढे, शिवाय पॅड, हेल्मेट, बूट, गाडीभाडे आणि पुण्यातली खोली. केळीचा भाव चांगला मिळाला त्या वर्षी बॅट आली, असे सांगणारे बागाईतदार बाप रावेर-यावल पट्ट्यात भेटतात. कोरडवाहू कापसाच्या घरातून ही उडी क्वचितच मारली जाते.

नोकरी, करार आणि मानधन

भुसावळ हा मध्य रेल्वेचा विभाग. इंग्रजी काळापासून इथे लोको शेड, वसाहती, रेल्वेची मैदाने आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. हॉकी, फुटबॉल आणि क्रिकेट ही त्या वसाहतींची संध्याकाळ होती. रेल्वेचा संघ 1958-59 पासून रणजीत खेळतो आणि 2001-02 व 2004-05 मध्ये विजेता ठरला. खेळाडू कोट्यातून भरती झालेला माणूस विभागीय संघात खेळतो, मग आंतर-विभागीय आणि आंतर-झोन स्पर्धांत. महेंद्रसिंग धोनी खरगपूरला तिकीट तपासनीस होता, ही गोष्ट देशभर कौतुकाने सांगतात. भुसावळला तिचे फारसे अप्रूप नाही, कारण संध्याकाळी नेटवर दिसणारा माणूस सकाळी फलाटावर काळ्या कोटात दिसणे इथे नेहमीचे. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माण्यांच्या वसाहतींतही खेळाचे असेच वातावरण राहिले.

खासगी उद्योगांत जळगावच्या जैन इरिगेशनचे उदाहरण वेगळे आहे. भवरलाल जैन यांनी 1986 मध्ये उभी केलेली ही ठिबक सिंचनाची कंपनी खेळाडूंना नोकरी देते आणि मुंबईच्या टाइम्स शील्ड या कार्यालयीन स्पर्धेत संघ उतरवते. गंमत अशी, की जळगावच्या कंपनीचा संघ मुंबईच्या मैदानांवर खेळतो आणि त्यात मुंबईचे खेळाडूही असतात. तरी जैन स्पोर्ट्स अकादमीमुळे जळगावात वर्षभर चालणारे प्रशिक्षण उभे राहिले, हे खरे.

मानधनाचे चित्र 2021 मध्ये बदलले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) तेव्हा ठरवल्याप्रमाणे वरिष्ठ पुरुष गटात 40 पेक्षा अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला 60 हजार, 21 ते 40 सामने खेळलेल्याला 50 हजार आणि त्याहून नव्याला 40 हजार रुपये मिळू लागले. राखीव खेळाडूला निम्मे. नवा मुलगा रणजीचे सातही साखळी सामने अकरामध्ये खेळला, तर 28 दिवसांचे 11 लाख 20 हजार होतात. एकच सामना खेळला तर 1 लाख 60 हजार, आणि पुढच्या वर्षी कदाचित काहीच नाही. कायम नोकरीचे आकर्षण अजून टिकून आहे ते या अनिश्चिततेमुळे. आयपीएलच्या 2025 हंगामासाठीच्या मोठ्या लिलावात राष्ट्रीय संघाकडून न खेळलेल्या खेळाडूची किमान बोली 30 लाख होती, पण त्या यादीपर्यंत पोचण्यासाठी आधी कुणाच्या तरी नजरेत यावे लागते. महाराष्ट्र प्रीमियर लीग 2023 मध्ये सुरू झाली ती त्यासाठीच. पहिल्या हंगामात पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर या नावांचे सहा संघ होते. खानदेशच्या नावाचा संघ नव्हता, इथल्या मुलांनी नाशिकचा झेंडा आपला मानला.

टेनिस बॉलचे बाजारभाव

या सगळ्या शिडीला समांतर दुसरा एक व्यवसाय आहे, ज्याची कुठल्याही संघटनेत नोंद होत नाही. आमदार चषक, नगराध्यक्ष चषक, कुणाच्या वाढदिवसाचा चषक. हिवाळ्यात आणि निवडणुकीच्या वर्षात तर रोजच. सहा-आठ षटकांचे सामने, रात्री फ्लडलाइट, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आणि अहिराणी किंवा लेवा गणबोलीची फोडणी दिलेले समालोचन. प्रत्येक संघात दोन-तीन 'बाहेरचे' असतातच. त्यांना सामन्यामागे पैसे, येण्याजाण्याचे भाडे आणि रात्री शेवभाजी. मालिकावीराला मोटारसायकल, नाहीतर कूलर. असा खेळाडू शनिवारी चाळीसगाव, रविवारी शिरपूर आणि सोमवारी मालेगाव गाठतो. रणजीतल्या 'प्रोफेशनल'ची व्याख्या लावायची तर खानदेशातले सर्वांत अस्सल प्रोफेशनल हेच.

क्रिकेटचे जाणकार त्यांच्याकडे नाक मुरडतात. हलका चेंडू, आडवी बॅट, खांद्याची वाट लागते, ही त्यांची तक्रार चुकीची नाही. पण ज्या तालुक्यात टर्फ विकेटच नाही, तिथल्या वीस वर्षांच्या मुलाने कमाईसाठी दुसरे काय करावे, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. 2024 मध्ये टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून या मुलांनाही चाचणीचा एक पत्ता मिळाला आहे.

मुली

मुलींची वाट अजून अरुंद आहे. वेगळे नेट कमी, त्यामुळे बहुतेक जणी मुलांच्याच नेटवर खेळून तयार होतात. सांगलीच्या स्मृती मंधानाला 2023 च्या पहिल्या महिला प्रीमियर लीग लिलावात 3 कोटी 40 लाखांची बोली लागली, आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताने महिलांचा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. सांगलीही पुण्याच्याच संघटनेत येते, हे इथल्या प्रशिक्षकांना पालकांची समजूत घालताना उपयोगी पडते. रात्रीच्या गाडीने एकट्या मुलीला चाचणीला पाठवायचे कसे, हा प्रश्न मात्र तिथेच असतो. बापाला रजा काढून सोबत जावे लागते.

खेळ सुटल्यावर

पस्तिशीनंतर कुणी संघटनेची परीक्षा देऊन पंच होतो, कुणी गुणलेखक, कुणी अकादमी काढतो. प्रथम श्रेणीचे पुरेसे सामने असलेल्या जुन्या खेळाडूंचे मासिक निवृत्तिवेतन मंडळाने 2022 मध्ये 15 हजारांवरून 30 हजार केले, परंतु त्यासाठी आधी रणजी खेळलेले असावे लागते. जिल्ह्याच्या पातळीवर आयुष्य घालवलेल्यांना ते लागू नाही. त्यांच्यातले रेल्वेवाले साठाव्या वर्षी निवृत्त होतात आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे मैदानावर येतात. हातात चहाचा थर्मास, डोक्यावर जुनी पांढरी टोपी, आणि नेटमागून एकच ओरडा: 'टप्पा धर भो, टप्पा.'