जिद्द, चिकाटी आणि हट्ट (मराठीतले शब्द)

ठरवलेलं काम न सोडण्याच्या वृत्तीसाठी मराठीत भरपूर शब्द आहेत, जिद्द, चिकाटी, निर्धार, नेट, चिवटपणा, ध्यास, हट्ट, हेका वगैरे. शब्दकोशात ते एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले असतात पण बोलताना कुठला शब्द कुठे चालतो हे प्रत्येकाला बरोबर कळतं.

सगळ्यात जास्त कानावर पडणारी जोडी म्हणजे जिद्द आणि चिकाटी. दहावीचा निकाल लागला की पेपरात हे दोन शब्द हमखास एकत्र येतात, त्यामुळे ते एकच वाटायला लागतात, पण तसं नाहीये. माणूस जिद्दीला पेटतो, चिकाटीला कोणी पेटत नाही. जिद्द बहुतेक वेळा कुणीतरी नाही म्हटल्यावर, अडवल्यावर, हिणवल्यावर उभी राहते. शब्दही मुळात अरबीतून आलाय आणि तिथे त्याचा अर्थ विरोध, उलट बाजू असा आहे. हिंदीत ज़िद म्हणजे बऱ्याचदा आडमुठेपणा, मराठीत मात्र जिद्दी मुलगी म्हटलं की ते सरळ कौतुक असतं. चिकाटीचं नातं चिकटण्याशी, तिला विरोधक लागत नाही, फक्त वेळ लागतो.

दोन्ही शब्द एकाच माणसाला लावून बघायचे तर धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२). दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून पार साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. ते चालणं म्हणजे जिद्द. १८९६ मध्ये आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत फिरले, सत्तरी उलटल्यावर जगप्रवासालाही निघाले, याला मात्र चिकाटीच म्हणावं लागतं. माझ्या मते दोन्हींत चिकाटी जास्त अवघड, कारण रोज तेच काम करणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि बातमी होते ती जिद्दीचीच.

हट्ट हा शब्द संस्कृत हठ वरून आलेला. बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन हट्ट सांगायची जुनी पद्धत आहे, म्हणजे ज्यांच्यापुढे बाकीच्यांचं काही चालत नाही असे. हेका त्याहून वाईट, त्यात समोरच्याचं ऐकूनच घ्यायचं नसतं. गंमत नाही तर खरंच विचार करण्यासारखी गोष्ट ही की वागणं तेच असतं आणि शब्द बघणाऱ्यावर ठरतो, यश आलं की जिद्द आणि नाही आलं की हट्ट. मुलाने शिकायला बाहेरगावी जायचंच म्हटलं की तो जिद्दी, मुलीने तेच म्हटलं की हट्ट धरून बसलीये, हे आजही घराघरात ऐकू येतं आणि ते बदलायला हवं.

वाक्प्रचार तर खूपच आहेत. कंबर कसणं, चंग बांधणं, पण करणं, नेट लावणं हे सुरुवातीचे, लावून धरणं, धसास लावणं आणि तडीस नेणं हे पुढचे. विडा उचलणं दरबारातून आलंय, अवघड कामगिरी कोण घेणार म्हणून तबकात विडा ठेवायचे आणि तयार असेल त्याने तो उचलायचा. १६५९ मध्ये अफझलखानाने विजापूरच्या दरबारात शिवाजी महाराजांविरुद्ध असाच विडा उचलल्याचं पोवाड्यात येतं. कोल्हापूर भागात ईर्षा हा शब्दही याच कामाला येतो, तिथे ईर्षेने खेळले म्हणजे मत्सराने नाही, जिंकायचंच म्हणून खेळले.

चिवट जरा वेगळा, मटणही चिवट असतं, खोकलाही चिवट असतो आणि विकेट न देणारा तळाचा फलंदाजही. म्हणजे संपवायला आलेल्याला जो दमवतो तो चिवट.

दुसऱ्याच्या मागे लागणं आलं की शब्द लगेच नकोसे होतात, तगादा, लकडा, ससेमिरा, खनपटीला बसणं, पिच्छा पुरवणं. उधारीवाला लावतो तो तगादा, पण नागरिक त्याच चिकाटीने ऑफिसात खेटे घालतो तेव्हा त्याला पाठपुरावा असं सभ्य नाव मिळतं. हा शब्द आता चौकाचौकातल्या फ्लेक्सवर आहे, रस्ता झाला की नगरसेवकांच्या अथक पाठपुराव्याने झाला, आणि अर्ज करून करून थकलेल्या सोसायटीतल्या लोकांचं नाव त्यात क्वचितच असतं.

पुण्यात स्पर्धा परीक्षा करणारी पोरं चिकाटी फारशी म्हणत नाहीत, कन्सिस्टन्सी म्हणतात, पेशन्स ठेव म्हणतात. धीर सोडणाऱ्यासाठी मात्र सगळेच अजून जुनेच शब्द वापरतात, हातपाय गाळले, कच खाल्ली, हाय खाल्ली.